विन्स्टन कोणाच्या बाजूचा?

सीमाभागातल्या गावोगावच्या साहित्य संमेलनांत हल्ली एक वाक्य वरचेवर ऐकू येतं. कॉलेजची पोरं परिसंवादात बोलायला उभी राहतात आणि त्यातलं एखादं जॉर्ज ऑर्वेलच्या 'नाइन्टीन एटी-फोर'चा दाखला देऊन सांगतं की, त्या कादंबरीतल्या जुलमी राज्यात बंड करू पाहणारा विन्स्टन स्मिथ म्हणजे आपणच. गावाचं नाव सरकारी आदेशानं एका तारखेपासून बदलतं, दुकानाच्या पाटीवर कन्नड किती आणि बाकीचं किती ते कायदा ठरवतो, कर्नाटक स्थापनेच्या दिवशी, १ नोव्हेंबरला, काळ्या दिनाची फेरी काढायची तर आधी पोलीस ठाण्यात खेटे घालायचे. याला जुलमी राज्य नाही तर काय म्हणायचं? टाळ्या पडतात. पोरं ऑर्वेल वाचतात याचा आनंद मोठा, म्हणून मीही वाजवतो. पण ही तुलना मला मान्य नाही.

गाऱ्हाणी खरी आहेत, त्याबद्दल वाद नको. सीमाभाग म्हैसूर राज्यात घालायच्या निर्णयाविरुद्ध लोक रस्त्यावर आले तेव्हा १७ जानेवारी १९५६ ला बेळगावात गोळीबार झाला. जून १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात पुन्हा माणसं मेली. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापाशी आजही दर वर्षी लोक जमतात. जुलै २०१४ मध्ये येळ्ळूरचा 'महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर' हा फलक पाडला, गावकऱ्यांनी तो पुन्हा उभारला, तोही पाडला, आणि मग पोलिसांनी गावात शिरून लोकांना कसं झोडपलं ते टीव्हीवर साऱ्यांनी पाहिलं. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगावचं सरकारदरबारी बेळगावी झालं. तारीखही नेमकी तीच निवडली, आपण काळ्या फिती लावतो ती. डिसेंबर २०२२ मध्ये, सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याला परवानगी नाकारून कार्यकर्त्यांना उचललं. यातलं काहीच विसरण्यासारखं नाही.

तरीही हे विन्स्टनचं राज्य, ओशनिया, नव्हे. ओशनियात मेळाव्याला परवानगी नाकारायची वेळच येत नाही. मेळाव्याची कल्पना सुचलेला माणूस आदल्या रात्रीच नाहीसा झालेला असतो आणि तो कधी जन्मला होता याचीही नोंद उरत नाही. इथे लाठी पडली की दुसऱ्या दिवशी मराठी वर्तमानपत्रांत फोटोसकट छापून येतं. सीमाभागावरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो रेंगाळला म्हणून आपण चिडतो, आणि चिडून जाहीरपणे लिहितोही. थायलंडमध्ये २०१४ च्या लष्करी उठावानंतर तरुणांनी 'द हंगर गेम्स'मधली तीन बोटांची सलामी रस्त्यावर आणली, म्यानमारमध्ये २०२१ साली तेच झालं. त्यांच्यापुढे सत्ता बळकावलेलं लष्कर होतं. कादंबरीतली खूण उसनी घ्यायचा त्यांचा हक्क मोठा होता, आपला त्या मानानं बेताचा आहे.

अडचण एवढीच असती तर हा लेख लिहिला नसता. विशीतल्या पोरांच्या तोंडी थोडी अतिशयोक्ती शोभून दिसते. माझा आक्षेप मुळातल्या वाचनाला आहे. या जातकुळीच्या कादंबऱ्यांतला बंडखोर परक्यांविरुद्ध उभा नसतो. विन्स्टनला शत्रूराष्ट्र युरेशियाशी लढायचं नाही. युरेशियाशी लढायला सगळं लंडन रोज सकाळी तयारच असतं. शेजारच्या राज्याचा राग ही तिथे सरकारी ड्यूटी आहे. रोज ठरल्या वेळी दोन मिनिटं पडद्यासमोर जमायचं, शत्रूचा चेहरा दिसला की ओरडायचं, वस्तू फेकायच्या. विन्स्टन त्यात सामील होतो आणि ऑर्वेल स्पष्ट सांगतो की नाटक करावं लागतच नाही, अर्ध्या मिनिटात माणूस खराच पेटतो. बंडखोर म्हणून ज्याचं नाव आपण घेतो, त्याच्या अंगातही तो कैफ भिनलेला आहे.

त्याच्या डायरीचं पहिलं पान पुन्हा वाचून पाहावं. जुन्यापान्या वस्तूंच्या दुकानातून आणलेली वही, वयानं किंचित पिवळा पडलेला गुळगुळीत कागद, तसा कागद बनणं बंद होऊन चाळीस वर्षं झालेली. पाळत ठेवणाऱ्या भिंतीवरच्या पडद्याला दिसणार नाही अशा कोनाड्यात तो बसतो, टाकानं तारीख घालतो, ४ एप्रिल १९८४, आणि लगेच त्याला शंका येते की साल खरंच हे आहे का. इथवर सगळ्यांना आठवतं. पुढे तो लिहितो काय, ते फारसं कुणाला आठवत नाही. तो आदल्या रात्री पाहिलेल्या सिनेमाबद्दल लिहितो. निर्वासितांनी भरलेल्या जहाजावर बॉम्ब पडतात, पाण्यात जीव वाचवू पाहणाऱ्या एका लठ्ठ माणसाला गोळ्या घालतात, थेटर हसतं, आणि लिहिता लिहिता विन्स्टनही त्या हसण्याबरोबर वाहत जातो. तेवढ्यात स्वस्त जागांवर बसलेली एक बाई उठून ओरडायला लागते, पोरांसमोर हे असलं दाखवू नका म्हणून. पोलीस तिला बाहेर काढतात. विन्स्टन तिची किरकोळ नोंद करून पुढे सरकतो, कारण असल्या बायकांचं बोलणं कोण मनावर घेतो. माझ्या मते त्या कादंबरीतलं पहिलं बंड त्या बिननावाच्या बाईचं आहे. सिनेमा तिच्याच देशाचा होता, मरणारे शत्रूपक्षाचे होते आणि हसणारे तिच्या शेजारी बसले होते.

आता डिसेंबर २०२२ आठवा. हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, तिकडे पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळं फासलं. पहिल्या व्हिडिओवर आपल्या मोबाइलच्या ग्रुपांवर संताप उसळला, दुसऱ्यावर हसरे चेहरे आणि वळलेल्या मुठी आल्या. बस कर्नाटकची, पण आत बसलेलं कुणी निपाणीचं असेल, कुणी पुण्यात लेकीकडे गेलेली चिकोडीची म्हातारी असेल. ड्रायव्हरनं सीमा आखलेली नाही. हे ग्रुपवर लिहायला किती जण पुढे आले? माझ्या ग्रुपवर एकानं लिहिलं. त्याला उत्तर आलं, 'काय बे, तू आमचा की त्यांचा?' तो त्यानंतर वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे काही लिहीत नाही.

ऑर्वेलनं आणखी एक प्रसंग रचून ठेवला आहे, तोही आपण सोयीनं गाळतो. विन्स्टन आणि त्याची प्रेयसी ज्युलिया ओब्रायन नावाच्या बड्या अधिकाऱ्याच्या घरी जातात, गुप्त संघटनेत दाखल व्हायला. ओब्रायन विचारत जातो: खून कराल का, घातपात कराल का, संघटनेच्या हितासाठी लहान मुलाच्या तोंडावर ॲसिड फेकाल का? दोघं 'हो' म्हणत जातात. एकमेकांना कायमचं सोडायची तयारी आहे का, एवढ्यावरच ज्युलिया 'नाही' म्हणते. पुढे ओब्रायन सरकारचाच माणूस निघतो; कोठडीत विन्स्टन म्हणतो की मी तुमच्यापेक्षा नैतिकदृष्ट्या वरचढ आहे, तेव्हा ओब्रायन त्याला त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण ऐकवतो. विन्स्टनच्या पराभवाची गोष्ट सांगताना आपण त्याला शेवटी मोडणारा उंदरांचा पिंजरा सांगतो, पण तो अर्धा हरला होता तो त्या रात्रीच. 'आमच्या बाजूनं असेल तर काहीही' असं एकदा म्हटलं की बाजू कुठली हा प्रश्न फारसा उरत नाही.

ऑर्वेलच्या आधी रशियात येवगेनी झाम्यातिननं 'आम्ही' लिहिली, १९२०-२१ च्या सुमारास. ती आधी इंग्रजीत आली, १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये. त्याच्या स्वतःच्या देशात छापली जायला १९८८ उजाडलं. त्या राज्यात घरं काचेची, माणसांना नावांऐवजी क्रमांक, आणि वर्षातून एकदा एकमताचा दिवस. सगळ्यांनी जमायचं, राष्ट्रप्रमुखासाठी हात वर करायचे. निकाल आधीच ठाऊक असतो, मतदान हा नुसता सोहळा. कादंबरीतल्या त्या वर्षी मात्र 'विरोधात कोण?' म्हटल्यावर हजारो हात वर जातात. दुसऱ्या दिवशीचं सरकारी पत्रक सांगतं की काल ठरल्याप्रमाणे एकमतानं निवड झाली.

हे वाचताना मला आपल्याकडची दोन मतदानं आठवल्याशिवाय राहत नाहीत. २२ डिसेंबर २०२२ ला कर्नाटकच्या विधिमंडळानं, तेही बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात बसून, एक इंचही जमीन देणार नाही असा ठराव एकमतानं केला. २७ डिसेंबरला महाराष्ट्राच्या विधिमंडळानं नागपुरात बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह ८६५ गावांवरच्या दाव्याचा ठराव केला, तोही एकमतानं. दोन्हीकडे विरोधी पक्ष भरभक्कम होते, एरवी एकमेकांचे माइक ओढणारे. बेळगावच्या सभागृहात 'मराठीतून कागद मागणं हा त्यांचा हक्क आहे, तेवढं तरी ठरावात घाला' म्हणणारा एक आमदार निघाला नाही, आणि नागपुरात 'तिथले निम्मे लोक घरात कन्नड बोलत असतील तर त्यांना कधी विचारलं का' असं पुसणाराही कुणी निघाला नाही. तिथे कुणाला तुरुंगाची भीती नव्हती. भीती होती आपल्याच मतदारसंघात फितूर ठरण्याची, आणि ती पुरेशी ठरली. तुलना करायचीच असेल तर झाम्यातिनशी करा, ती नेमकी बसते.

उलट बाजूचंही बोलायला हवं. कर्नाटकनं २०२४ साली पाट्यांवर साठ टक्के कन्नड सक्तीचं केलं, आपण निषेध केला, रास्त केला. महाराष्ट्रानं २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून सगळ्या दुकानांना ठळक मराठी पाटी सक्तीची केली, तेव्हा आपण पेढे वाटायचे तेवढे राहिलो होतो. मराठी पाटी हवी असं मलाही वाटतं. पण सक्ती आपली असली की ती संस्कृती आणि त्यांची असली की दडपशाही, हा हिशेब विन्स्टनच्या खात्यात जमा करू नये एवढंच.

तर इथला खरा बंडखोर कुठे दिसतो? रे ब्रॅडबरीच्या 'फॅरनहाइट ४५१' (१९५३) मधला माँटॅग पुस्तकं जाळणाऱ्या खात्याचाच नोकर आहे, पगारी. त्याचं बंड नोकरीच्या आतून सुरू होतं, जाळायला सांगितलेलं एक पुस्तक तो अंगरख्यात लपवतो तिथून. असा माणूस मला कचेरीच्या रांगेत दिसतो. म्हातारा शेतकरी उताऱ्याचा कागद हातात घेऊन उभा असतो. कागद कन्नडमध्ये, बाबांना एक अक्षर लागत नाही. खिडकीतला कारकून कन्नड माणूस. त्यानं पैसे घ्यायचे, कागद द्यायचा आणि पुढच्याला हाक मारायची. तो इकडेतिकडे बघून, आवाज न चढवता, मोडक्या मराठीत सांगतो, 'मामा, ह्यात तुमच्या भावाचं नाव तसंच राहिलंय, आधी वारसा लावून घ्या.' एवढंच. त्याचं नाव कुठल्या पेपरात येत नाही, येऊही नये. आलं तर तिसऱ्या दिवशी त्याची बदली होईल, आणि त्याच्या दारात घोषणा द्यायला जाणारे कोण असतील ते आपल्याला माहीत आहे.

तसाच माणूस आपल्या गल्लीतही असतो. मुलीला कन्नड माध्यमात घालणारा मराठी बाप घ्या. तिला उद्या त्या खिडकीच्या आत बसता यावं एवढाच त्याचा हिशोब. लग्नाच्या पंगतीत त्याला टोमणे बसतात. टोमणे मारणाऱ्यांची नातवंडं इंग्रजी माध्यमात जातात, त्याला मात्र कुणी फितुरी म्हणत नाही. त्या बापाचा निर्णय मला पटत नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतच व्हावं, राज्यघटनेचं ३५० अ हे कलमही भाषिक अल्पसंख्याकांसाठी तीच सोय सांगतं. पण सगळी गल्ली एका बाजूला असताना तो आपल्या मताला चिकटून आहे, आणि विन्स्टनवर भाषण करणाऱ्या पोरानं आधी त्याच्या शेजारी पाट मांडून बसावं असं मला वाटतं.

यावरचा आक्षेप मला पाठ आहे, कारण तो जुन्या कार्यकर्त्यांकडून नेहमी ऐकतो आणि त्यात तथ्य आहे. मतभेदाची चैन बहुसंख्याकांना परवडते. आपण आधीच थोडे, त्यात जो तो आपलं डोकं चालवायला लागला तर उरणार काय? ही माणसं हिंडलग्याच्या तुरुंगात राहून आलेली आहेत, त्यांना उडवून लावता येत नाही. पण जमाखर्च बघू या. २०१३ च्या विधानसभेत समितीचे दोन आमदार होते. २०१८ ला एकही नाही, २०२३ ला एकही नाही. एकजुटीच्या नावाखाली ज्यांना गप्प केलं ती माणसं समितीत राहिली नाहीत, काही न बोलता दुसऱ्या चिन्हापुढचं बटण दाबून आली. जे फुटले ते विचारासाठी फुटले नाहीत, उमेदवारीसाठी फुटले. विचारासाठी भांडायची सवयच लावलेली नव्हती. बंद मांडवात हवा कोंडते तसं झालं, आणि माणसं कनातीखालून निघून गेली.

या कादंबऱ्यांनाही एक मर्यादा आहे, ती सांगितली पाहिजे. त्या बहुतेक शहरी कारकुनांच्या गोष्टी आहेत. आशा असलीच तर सामान्य जनतेत आहे असं विन्स्टन लिहितो, आणि त्या जनतेतल्या एका म्हाताऱ्याला दारूच्या गुत्त्यात गाठून क्रांतीपूर्वीचं जग विचारतो. म्हातारा बियरचं माप पूर्वीसारखं राहिलं नाही यावरच घसरतो. विन्स्टन वैतागून उठतो. अर्धा तास आणखी बसला असता तर काय ऐकायला मिळालं असतं कोण जाणे. निपाणीला १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकरी महामार्ग अडवून बसले, शरद जोशी नेते होते, ६ एप्रिलला गोळीबारात शेतकरी मारले गेले. रस्त्यावर बसलेल्यांत मराठीही होते, कन्नडही. भाकरीबरोबरची चटणी कुठल्या भाषेची हे तिथे कुणी विचारलं नसणार. सीमाप्रश्नाच्या इतिहासात हे आंदोलन आपण धरत नाही, कारण ते रेषेच्या एका बाजूला बसत नाही. एकट्याचं बंड गाजवणाऱ्या कादंबऱ्यांनाही ते पेललं नसतं.

आणि कोण धरलं जातं, कोण गळतं, याबद्दल मार्गारेट ॲटवुडनं 'द हँडमेड्स टेल'च्या (१९८५) शेवटी खवचटपणे लिहून ठेवलं आहे. जुलमी राजवटीतल्या एका बाईनं कॅसेटवर आपली कहाणी भरून ठेवलेली असते. २१९५ सालच्या परिषदेत विद्वान ती चर्चेला घेतात, मध्येच विनोद करतात, आणि हळहळतात की हिच्याऐवजी तिच्या मालकाच्या संगणकातली वीस पानं मिळाली असती तर किती बरं झालं असतं. सीमालढ्यावरची आपली पुस्तकं चाळा. सभा, ठराव, शिष्टमंडळं सगळी तारीखवार आहेत. घरधनी सत्याग्रहात गेल्यावर चूल कशी पेटत होती, याला फार तर अर्पणपत्रिका.

मराठीत यापेक्षा जवळचं उदाहरण नाही असं नाही. बेळगावच्या १९४६ च्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, ते आपण अभिमानानं सांगतो. त्यानंतर एकोणतीस वर्षांनी, डिसेंबर १९७५ मध्ये, आणीबाणी चालू असताना कऱ्हाडला संमेलन भरलं. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, केंद्रातले परराष्ट्रमंत्री. अध्यक्ष दुर्गा भागवत. त्यांनी त्याच व्यासपीठावर लेखनस्वातंत्र्याचा विषय काढला आणि सभेला जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. समोर परका कुणी नव्हता. मांडव मराठी, यजमान मराठी, पाहुणचारही मराठीच चाललेला. पुढच्या वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली. कऱ्हाड बेळगावहून पुण्याच्या रस्त्यावरच आहे, जाता-येता लागतं. आपल्या परिसंवादातल्या पोरांना मात्र लंडनचा विन्स्टन आधी आठवतो.

म्हणून एक मागणी आहे, संमेलनं भरवणाऱ्या गावांकडे. हिवाळ्यात कडोलीपासून कुद्रेमनीपर्यंत ग्रंथदिंड्या निघतात, पताका लागतात, पुण्या-कोल्हापूरचे पाहुणे येतात. त्यातल्या एका गावानं यंदा सीमाप्रश्नाच्या सत्रात एक खुर्ची ज्याचं मत समितीशी जुळत नाही अशा मराठी माणसाला द्यावी, आणि एक कन्नड लेखकाला, त्याच्या भाषेत बोलायला. श्रोत्यांत कन्नड न समजणारे फार नसतात, हे आपण चारचौघांत कबूल करत नाही तो भाग वेगळा. गोंधळ होईल, कुणीतरी उठून 'तू आमचा की त्यांचा' म्हणेल, त्या वेळी अध्यक्षांनी घंटा न वाजवता त्या पाहुण्याला बोलणं पुरं करू द्यावं. वर्गणी कमी जमेल हे धरूनच चालावं. मांडव चार खणांनी लहान घातला तर चालण्यासारखं आहे.